पाठापुरता वर्ग

मी फळ्याकडे वळले आणि मागून शिट्टी वाजली. लांब, बारीक, छान सुरात.

मी वळून पाहिलं. आठवी 'क'चा सगळा वर्ग वहीत मान घालून बसलेला.

"कुणी वाजवली?"

शेवटच्या बाकावरची एक उंच मुलगी उभी राहिली. तिच्या वेण्या घट्ट वर बांधलेल्या होत्या. हात मागे बांधून ती अदबीनं म्हणाली, "बाई, रेल्वे गेली."

शाळा परभणी स्टेशनच्या मागेच होती, त्यामुळे तसं म्हणायला जागा होती. पण त्या वेळी कुठलीही गाडी गेली नव्हती, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं आणि वर्गालाही माहीत होतं. वर्ग हसायला लागला. मी डस्टर टेबलावर आपटलं. हसणं थांबलं. मी पुन्हा फळ्याकडे वळले, आणि पुन्हा रेल्वे गेली.

त्र्याऐंशी सालची ही गोष्ट. मी बी.एड.ला होते. आमच्या कॉलेजातल्या मुलामुलींना सराव पाठांसाठी गावातल्या शाळा वाटून दिल्या जात, आणि माझ्या वाट्याला ही शाळा आली होती. इथं सराव करायचा आणि शेवटी इथल्याच वर्गावर परीक्षेचा पाठ द्यायचा. त्या पाठाला बाहेरगावचे परीक्षक येत. पाठ नापास झाला की बी.एड. नापास. माझं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांनी बोलणीच अशी केली होती की मुलगी नोकरीवाली पाहिजे. जिंतूरच्या एका शाळेत जूनमध्ये जागा निघणार होती, वडिलांनी तिथं शब्द टाकून ठेवला होता. म्हणजे माझी नोकरी, माझं लग्न आणि वडिलांची गावातली मान, हे सगळं त्या एका पाठावर येऊन बसलं होतं.

त्या उंच मुलीचं नाव पद्मिन ढगे.

तास संपल्यावर वर्गशिक्षक सोनटक्के सर मला शिक्षकांच्या खोलीत भेटले. माझा तास चालू असताना ते मागे बसून वह्या तपासत होते. शिट्टी वाजली तेव्हाही त्यांनी मान वर केली नव्हती.

"कशी वाटली पोरं?" त्यांनी विचारलं.

"जरा अवखळ आहेत."

"अवखळ!" ते शेजारच्या शिक्षकांकडे पाहून हसले. "बाई, दरवर्षी तुमच्यासारख्या येतात. गोड गोड बोलून पोरं डोक्यावर बसवून घेतात आणि निघून जातात. मग आम्हाला ती वर्षभर खाली उतरवत बसावी लागतात." त्यांनी कपाटामागून वेताची छडी काढून माझ्यापुढे धरली. "ही घेऊन जात जा."

"आम्हाला कॉलेजात परवानगी नाही, सर. शिक्षा न करता वर्गनियंत्रण करायचं असतं."

"मग करा," ते म्हणाले आणि छडी परत ठेवून दिली.

आमच्या आष्टीकर मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं की मुलांनी उत्तर दिलं की लगेच शाबासकी द्यायची, त्यानं वर्ग आपल्याकडे येतो. मी दुसऱ्या दिवशी तसं केलं. पहिल्या बाकावरच्या मुकुंद काळे नावाच्या हुशार मुलानं बरोबर उत्तर दिलं. मी म्हणाले, "शाब्बास!"

मागून पद्मिनचा आवाज आला, "शाब्बास!"

तिच्यामागोमाग आख्खा वर्ग ओरडला, "शाब्बास!"

त्यानंतर ते रोजचंच झालं. मी खडू उचलला की शाब्बास. मी घाम पुसला की शाब्बास. एकदा मला ठसका लागला, तर वर्गानं एका दमात मला शाबासकी दिली. पद्मिन स्वतः आता फारसं बोलतच नव्हती. ती नुसती भुवई उचलायची, बाकीचं तिच्या बाजूचे अन्वर आणि गंगाधर सांभाळायचे, आणि त्यांच्यामागून वर्ग. मला रात्री स्वप्नातही ते ओरडणं ऐकू यायचं. पाठाचं टाचण काढतानाही तेच कानात घुमायचं. या मुलीचा मला इतका राग येत होता की रस्त्यात तिच्यासारख्या वेण्या घातलेली कुणी दिसली तरी मी रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

एकदा मी तिला मधल्या सुट्टीत थांबवून घेतलं. वर्ग रिकामा होता.

"तुला माझा काय त्रास आहे?"

"काही नाही."

"मग असं का वागतेस?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बाई, तुमी इथं कशाला येता?"

"शिकवायला."

"नाही. मार्क घ्यायला येता. तुमच्या कॉलेजातले मागं बसून लिवतेत, तुमी आमच्याकडं बघतच नाही, त्यांच्याकडं बघता. आमी काय, तुमचा फळा आहे का?"

"नीट बोल."

"नीटच बोलालेय. मागच्या वर्षीच्या बाई रडल्या होत्या." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी कवा रडणार?"

मी रडले नाही. म्हणजे तिथं नाही.

परीक्षेच्या पाठाच्या आदल्या दिवशी आष्टीकर मॅडम शाळेत आल्या. मी माझी अडचण त्यांना सांगितली. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "परीक्षक इनामदार सर आहेत. फार कडक. वर्ग नीट दिसला पाहिजे, हेमलता. मी सोनटक्के सरांशी बोलते." त्या बोलायला गेल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही. मला वाटलं, ते मुलांना चार शब्द समजावतील.

दुसऱ्या दिवशी मी साहित्य घेऊन वर्गात शिरले. काचेचा ग्लास, पाण्याची कळशी, एक फुगा आणि जुनं पोस्टकार्ड. विषय होता हवेचा दाब. मुलं एकदम उठून उभी राहिली, एकदम खाली बसली. हात बाकावर, पाठ ताठ. शिट्टी नाही, कुजबुज नाही. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. तो रिकामा होता. पद्मिन नाही, अन्वर नाही, गंगाधर नाही.

मला काय आनंद झाला! देवच पावला म्हणून मी मनात हात जोडले.

मागे इनामदार सर आणि आष्टीकर मॅडम खुर्च्यांवर बसले होते. सोनटक्के सर दारात उभे होते. मी सुरुवात केली.

"मुलांनो, फुग्यात आपण काय भरतो?"

एकही हात वर झाला नाही.

मी हसून पुन्हा विचारलं. काही नाही. मला वाटलं, परीक्षकांना बुजली असतील. मी फुगा फुगवून दाखवला. "आता सांगा, आत काय आहे?"

सगळे डोळे माझ्यावर होते आणि तोंडं मिटलेली. बालवाडीतल्या पोरानं उत्तर द्यावं असा प्रश्न, आणि आठवीचा वर्ग माझ्याकडे नुसता पाहत होता. घाबरलेल्या मुलांची नजर मी ओळखत होते. ही तशी नव्हती.

"मुकुंद, तू सांग."

मुकुंद उभा राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मान वळवून त्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं, आणि तसाच उभा राहिला.

"बस. कमल, तू?"

कमल उभी राहिली. ओठ घट्ट दाबलेले.

इनामदार सरांनी घड्याळ पाहून कागदावर काहीतरी टिपलं. मला वाटलं, दारातल्या सोनटक्के सरांमुळे असेल. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" ते खांदे उडवून व्हरांड्यात गेले. मी परत आले, ग्लासात पाणी भरलं, वर पोस्टकार्ड ठेवलं आणि ग्लास उलटा केला. पाणी पडलं नाही. कुठल्याही वर्गात या जागी मुलं तोंडाचा आ करतात.

"पाणी का पडलं नाही?"

शांतता. एवढी शांतता मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्या वर्गात पाहिली नाही. परीक्षकाला दाखवावा असा शिस्तीचा वर्ग, आणि त्यात माझा जीव जात होता. त्या क्षणी कुणी शिट्टी वाजवली असती तर मी त्याचे पाय धरले असते.

मी ग्लास खाली ठेवला आणि मुकुंदच्या बाकाजवळ जाऊन खाली वाकले. "काय झालंय?"

त्याचे डोळे भरून आले होते, पण आवाजात राग होता. "तुम्हाला माहितीये की."

"नाही माहीत. सांग."

"पद्मिनला, अन्वरला आणि गंगाधरला सरांनी खेळाच्या सामानाच्या खोलीत कोंडलंय. सकाळपासून."

"का?"

"तुम्हीच सांगितलं म्हणून. तुमचा पाठ आहे म्हणून."

मी उभी राहिले. सगळा वर्ग माझ्याकडे पाहत होता. पद्मिनला घाबरणारी मुलं होती त्यात. तिनं डबे पळवलेल्या, वेण्या ओढलेल्या मुली होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही तोंड उघडलं नव्हतं.

मी मागे जाऊन इनामदार सरांना म्हणाले, "सर, मला थोडा वेळ बाहेर जावं लागेल."

"पाठ चालू आहे," ते म्हणाले.

"हो सर. या वर्गातली तीन मुलं आत यायची आहेत."

"छात्राध्यापिकेला चालू पाठ सोडून जाता येत नाही. गेलात तर पाठ तिथं संपला असं मी धरीन."

आष्टीकर मॅडमनी माझा हात धरला आणि दाबला. "हेमलता, वेडेपणा करू नकोस. जा पुढं. व्याख्या लिहून घे मुलांकडून, तेवढ्यावर निभेल."

निभलं असतं. मुलं मुकाट्यानं व्याख्या लिहून घेणारच होती. मला मॅडमचा चेहरा दिसत होता, त्यावर माझी खरीच काळजी होती. कालचं ते "बोलते" म्हणजे काय होतं, हेही मला त्याच चेहऱ्यावर दिसलं. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर गेले.

सोनटक्के सर व्हरांड्यात खांबाला टेकून उभे होते.

"सर, खोलीची किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"मुलं कोंडलीत ती."

ते जराही वरमले नाहीत. "बाई, तुमच्या भल्यासाठी केलंय. तुमच्याच मॅडम म्हणाल्या, वर्ग नीट दिसला पाहिजे. दिसतोय की नाही नीट?"

"मी सांगितलं असं मुलांना का सांगितलंत?"

"कुणाचं तरी नाव सांगावंच लागतं." ते अगदी सहज बोलत होते, एखाद्या नवख्याला समजावून द्यावं तसं. "मला इथं नोकरी करायचीय. तुम्ही काय, उद्या जाणार."

"किल्ली द्या, सर."

"ती ढगेची पोर आत गेली तर तुमचा पाठ उधळून लावेल. नंतर माझ्याकडे रडत येऊ नका."

"द्या."

त्यांनी खिशातून किल्ली काढली. मी हात पुढे केला, तर त्यांनी ती माझ्या हातात न देता फरशीवर टाकली. मी वाकून उचलली. माझे कान तापले होते. त्या माणसाचा चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि आजही मला त्याचा तेवढाच राग येतो.

खोली जिन्याखाली होती. कुलूप उघडलं तर आत उजेडच नव्हता, फक्त चामड्याचा आणि धुळीचा वास. तिघं गुंडाळलेल्या सतरंज्यांवर बसली होती. अन्वर रडून रडून दमला होता. पद्मिन मात्र ताठ होती.

"झाला का पाठ?" तिनं विचारलं.

"नाही. वर्गात चला."

"आमी नाही येत."

"पद्मिन, उठ."

"नाही तर काय करताल? कोंडताल?"

"मी नाही कोंडलं तुम्हाला."

"सर तर म्हणले, बाईनंच सांगितलंय."

"सर खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मोठी माणसं एकमेकांना खोटं ठरवताना तिनं बहुतेक खूपदा पाहिलं असावं. त्यात तिला काही विशेष वाटलं नाही.

"मी आले तर तुमचा पाठ बिघडवीन," ती म्हणाली.

"बिघडव. पण वर्गात बसून बिघडव."

अन्वर आणि गंगाधर एकदम उठले. ती सगळ्यात शेवटी उठली, फ्रॉकवरची धूळ झटकली आणि माझ्यापुढून चालायला लागली.

आम्ही वर्गात शिरलो तेव्हा इनामदार सर अजून बसलेले होते. का थांबले होते कुणास ठाऊक. तिघं शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी फुगा उचलला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"फुग्यात आपण काय भरतो?"

पंधरावीस हात वर आले.

मी ग्लास भरला, पोस्टकार्ड लावलं, उलटा केला. वर्गानं "ओ!" केलं. "पाणी का पडलं नाही?"

पद्मिन उभी राहिली. "बाई, ते चिकटलंय."

"काय?"

"पोस्टकार्ड ओलं हाय. ओला कागद चिकटतोच. त्यात हवा कुठून आली? तुमी फसवालाय."

वर्ग हसला. आष्टीकर मॅडमनी डोळे मिटले. माझ्या टाचणात हा प्रश्न नव्हता. मी म्हणाले, "नुसतं चिकटलं असतं तर रिकाम्या ग्लासालाही चिकटलं असतं." आणि मूर्खासारखं तेच करून दाखवलं. पाणी कळशीत ओतलं, ओलं कार्ड रिकाम्या ग्लासाला लावलं, उलटा केला.

कार्ड चिकटून राहिलं.

वर्गात जो काही गोंधळ झाला तो सांगता येत नाही. "चिकटलं! चिकटलं!" मुलं बाकांवर चढली. पद्मिन हात कमरेवर ठेवून उभी होती. मला रडू कोसळायच्या बेतात होतं, तेवढ्यात मुकुंद ओरडला, "पण पाण्याला वजन असतं! रिकाम्याचं काय सांगता? त्यात वजन टाका!"

"काय टाकू?" मी विचारलं.

"खडू!" गंगाधर मागून म्हणाला.

मी ग्लासात खडूचे तुकडे टाकले, ओलं कार्ड लावलं, उलटा केला. कार्ड गळून पडलं आणि खडू टेबलभर विखुरले. मुकुंदच्या बाजूची मुलं नाचायला लागली. पद्मिनच्या बाजूची म्हणायला लागली की बाईंनी बोटानं ढकललं. आता दोन तट पडले होते आणि एकमेकांवर ओरडत होते. माझं कुणी ऐकत नव्हतं. कळशी लवंडली होती, जमिनीवर पाणी झालं होतं.

"मी करते," पद्मिन पुढे आली. तिनं उरलंसुरलं पाणी ग्लासात गच्च भरलं, कार्ड ठेवलं आणि उलटा केला. पाणी पडलं नाही. ती ते खालून निरखून पाहत राहिली. मग उलटा ग्लास हातात धरून बाकांमधून हळूहळू चालत निघाली, प्रत्येकाला दाखवत. मुलं माना वर करून बघत होती. आवाज थांबला होता. ती शेवटच्या रांगेपर्यंत गेली आणि इनामदार सरांच्या समोर थांबली. त्यांनाही दाखवायला ग्लास त्यांच्या मांडीवर धरला.

आणि कार्डाला बोट लावलं.

मुद्दाम. मी तिचं बोट पाहिलं.

सर ओरडून उठले. वर्ग खदाखदा हसला. कुणीतरी, बहुतेक अन्वरनं, दणदणीत आवाजात "शाब्बास!" म्हटलं, आणि तेवढ्यात घंटा झाली.

मी नापास झाले. इनामदार सरांनी शेऱ्यात लिहिलं की छात्राध्यापिकेला वर्गनियंत्रणाचं भान नाही. शाळेनं कॉलेजकडे तक्रार केली ती वेगळीच. आष्टीकर मॅडम माझ्याशी वर्ष संपेपर्यंत बोलल्या नाहीत. जिंतूरची जागा दुसऱ्या मुलीला गेली, आणि मुलाकडच्यांनी निरोप पाठवला की पोराचा विचार बदललाय. वडिलांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं. पुढे मी ऑक्टोबरात दुसऱ्या शाळेत पाठ दिला, शांत वर्गावर, आणि पास झाले. नोकरी लागली, लग्नही झालं, त्यापेक्षा बऱ्या माणसाशी. सोनटक्के सर त्याच शाळेतून मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात शिस्तीबद्दल फार चांगली भाषणं झाली, असं मी ऐकलं.

पण त्या दिवशी मी साहित्य गोळा करून बाहेर पडले तेव्हा यातलं काही मला माहीत नव्हतं. शाळा सुटली होती. फाटकाजवळच्या नळावर पद्मिन एकटी पाणी पीत होती. मी तिच्याकडे न बघता पुढे निघाले.

"बाई."

मी थांबले. मला तिच्या तोंडात मारावंसं वाटत होतं.

"तुमी नापास का आता?"

"हो. बहुतेक."

तिनं मनगटानं तोंड पुसलं. "पहिल्यांदाच?"

"हो."

"मी दोनदा झालेय. याच वर्गात." ती नळ बंद करायला वाकली. तो नीट बंद होत नव्हता, तिनं दोन्ही हातांनी पिळला. "पहिल्यांदा लई लागतं. घरी जाऊ वाटत नाही."

ती दप्तर खांद्याला लावून फाटकाबाहेर गेली, आणि जाता जाता मागे न वळता म्हणाली, "स्टेशनावर बाकडे हायेत. तिथं बसलं तर कुणी काही विचारत नाही."

मी स्टेशनवर गेले आणि अंधार पडेपर्यंत तिथं बसले. कुणी काही विचारलं नाही.